वस्तीच्या गाडीने आलेला गोवर

आमच्या घरात गोवर दोनदा आला आणि दोन्ही वेळा मे महिन्यात आला. १९७०च्या दशकातली गोष्ट. शाळांना सुट्टी लागली की मुंबईच्या लालबागहून काका-काकू आणि तीन चुलत भावंडं रत्नागिरीला यायची. रात्रभर एसटीत बसून, कशेडीचा घाट ओलांडून, हातखंब्याला वळून पहाटे घरी पोचायची. त्यांतल्या एका वर्षी धाकट्या चुलत भावाचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं आणि खोकल्याची ढास थांबत नव्हती. काकू म्हणाली, गाडीत वारं लागलं असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेने बारीक लाल पुरळ दिसायला लागली. आजीने त्याला खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "गोवर हाय तो. भायेर येऊ दे नीट, आत ऱ्हाता नये."

मग घराची रीत बदलली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. स्वयंपाकात फोडणी बंद झाली, मुलांना पेज आणि बिनफोडणीचं वरण. वडिलांनी दाढी केली नाही. डॉक्टरांचा दवाखाना दोन आळ्यांपलीकडे होता, पण त्यांना बोलवायचा विषयच निघाला नाही, कारण हा देवीचा मामला होता आणि त्यात सुई खुपसायची नसते, अशी घराची समजूत होती. काका-काकू परत जायच्या तयारीला लागले, त्याच सुमारास आम्ही चौघं भावंडं तापाने पडलो. पाठोपाठ शेजारच्या दोन घरांतली मुलं. त्यातलं एक दीड वर्षाचं बाळ गोवर उतरून तीन आठवडे झाल्यावर जुलाबांनी गेलं. सगळ्यांनी कारण सांगितलं, जुलाब. गोवराचं नाव त्या मृत्यूला कुणीच लावलं नाही.

त्या मे महिन्यात आमच्या आळीत गोवराची आठ-नऊ मुलं झाली असतील. त्यांपैकी एकाचीही नोंद कुठल्या वहीत झाली नाही, याची मला आज खात्री आहे. नोंद करायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला आमच्या दारापर्यंत आणणारी वाट तेव्हा नव्हती.

त्याच काळात भिंतींवर मात्र वेगळीच जाहिरात असे: देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. १९७५च्या सुमारास हे बक्षीस एक हजार रुपयांपर्यंत चढलं होतं. देवीच्या एकेका रोग्यामागे सरकारी माणसं खेडोपाडी धावत होती, आणि म्हणूनच मे १९७५नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगच देवीमुक्त जाहीर केलं. माझ्या आजीच्या दंडावर देवी टोचल्याची रुपयाएवढी खूण होती. या इलाख्यात ती टोचणी फार जुनी आहे. भारतातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. म्हणजे एका आजारासाठी पावणेदोनशे वर्षांची यंत्रणा, आणि त्याच घरात, त्याच मुलांना होणाऱ्या दुसऱ्या आजारासाठी कडुलिंबाचा डहाळा. गोवर सगळ्यांनाच होतो, होऊन जातो, असं सगळे धरून चालत. १९८०पूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसं गोवराने मरत होती आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. 'होऊन जातो' या शब्दांखाली एवढी मुलं गाडली गेली.

*

गोवर नेहमी मे महिन्यातच का यायचा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर मिळालं ते एका इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या कामात.

इंग्लंड-वेल्समध्ये १९४०पासून गोवराची नोंद सक्तीची झाली. प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रोगी कळवायचा. गावागावांचे असे आठवड्यांमागून आठवडे साचलेले आकडे घेऊन एम. एस. बार्टलेट यांनी १९५७ साली एक साधी गोष्ट दाखवली. अडीच-तीन लाखांहून मोठ्या शहरात गोवर कायम राहतो, साथ ओसरली तरी कुठल्या तरी गल्लीत धुगधुगत असतो. त्याहून लहान गावात तो टिकत नाही. येतो, ज्यांना झालेला नाही अशा मुलांना गाठतो, आणि पुढे कुणी उरलं नाही की संपतो. पुन्हा यायचा तर बाहेरून यावा लागतो.

कारण विषाणूच्या स्वभावातच आहे. गोवर माणसाखेरीज दुसऱ्या कुणात मुक्काम करत नाही. एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही. आणि तो अतिशय सांसर्गिक आहे: जिथे कुणालाच संरक्षण नाही तिथे एक रोगी बारा ते अठरा जणांना देतो. रोगी खोली सोडून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. एवढ्या वेगाने जाळत सुटणाऱ्या आगीला सरपणही तेवढंच लागतं. त्याचं सरपण म्हणजे नवी जन्मलेली मुलं.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. मुंबईची १ कोटी २४ लाख. बार्टलेटचा हिशेब लावला तर गोवर मुंबईचा रहिवासी आणि रत्नागिरीचा पाहुणा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर वस्तीची गाडी. संध्याकाळी येते, रात्री मुक्काम करते, पहाटे निघून जाते. तिचा डेपो दुसरीकडे.

आणि ही गाडी आणणारा रस्ता आमचाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत, मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांमध्ये सर्वांत जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली होती. सिंधुदुर्ग तेव्हा याच जिल्ह्यात होता, तो १९८१ साली वेगळा झाला. गिरणीत माणूस, गावात बायको-मुलं, शिमग्याला आणि गणपतीला येणं, मे महिन्यात पोरं पाठवणं. आधी आगबोट, मग एसटी, आणि जानेवारी १९९८पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे. आजही जिल्ह्याच्या लोकसंख्येत ही ये-जा दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत, देशभर माणसं वाढत असताना, रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख ९६ हजारांवरून सोळा लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. गावात राहिलेल्या आणि मुंबईला गेलेल्या माणसांचा हा ताळेबंद आहे. त्या ताळेबंदाच्या कडेकडेने गोवर चालत आला.

*

माग कसा काढायचा, हे शिकवलं पीटर पानुम नावाच्या एका डॅनिश डॉक्टराने. वय अवघं पंचविशीतलं. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर गेला. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो गेला असं मानतात. बेटांवर ७७८२ माणसं होती आणि काही महिन्यांत त्यांपैकी सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. सरकारने पानुमला पाठवलं. सूक्ष्मदर्शक त्याच्या कामाचा नव्हता, विषाणू हा शब्दही आजच्या अर्थाने अजून आलेला नव्हता. तो फक्त गावोगाव फिरला आणि विचारत राहिला: पुरळ कोणत्या दिवशी आली? त्याआधी तुम्ही कुठे गेला होतात? कुणाला भेटलात?

एका गावातले दहा जण एकाच होडीतून ४ जूनला दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठली. शिकारीचा दिवस सगळ्यांना लक्षात होता, म्हणून त्याला चौदा दिवसांचा हिशेब हाती लागला. म्हाताऱ्यांनाही त्याने विचारलं. १७८१ साली बेटांवर गोवर आला होता. तेव्हा ज्यांना तो झाला होता, त्यांच्यापैकी एकालाही ६५ वर्षांनी पुन्हा झाला नाही. गोवराचं संरक्षण जन्मभर टिकतं हे जगाला कळलं ते म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून.

मला या गोष्टीत रत्नागिरी दिसते. आमच्याकडे तारीख कुणी सांगत नाही, पण "गणपती आले त्याच्या आदल्या दिवशी", "पालखी दारात आली तेव्हा", "पोरं मुंबईला गेली त्या रविवारी" असं प्रत्येक आजी बिनचूक सांगते. या आठवणींपुढे चौदा दिवस मोजले की पाहुण्याची गाडी कोणती होती हे कळतं. पुरळ दिसण्याआधी चार दिवस आणि दिसल्यानंतर चार दिवस मूल दुसऱ्याला गोवर देऊ शकतं. म्हणजे लाल डोळ्यांचं, खोकणारं, अजून एकही ठिपका नसलेलं पोर गाडीतून उतरतं तेव्हाच तो आत आलेला असतो. आजीने खिडकीशी नेऊन पाहिलं तोपर्यंत माजघरात एका ओळीत झोपलेल्या आम्हा सगळ्यांचं काम झालेलं होतं.

आणि ते जुलाबांनी गेलेलं बाळ. गोवर शरीराची आधीच्या आजारांची आठवण पुसतो, हे आता पक्कं कळलं आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं गोवरापूर्वी आणि गोवरानंतर मोजली गेली. काही मुलांमध्ये ती ११ टक्क्यांनी, तर काहींमध्ये ७३ टक्क्यांपर्यंत कमी झाली होती. अशा मुलाला पुढच्या महिन्यांत जो न्युमोनिया होतो, जे जुलाब होतात, त्यामागे गोवर उभा असतो. आमच्या आळीने त्या बाळाच्या मृत्यूचं कारण चुकीचं सांगितलं, पण तेव्हा जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते नीट माहीत नव्हतं.

*

१९८५ साली गोवराची लस सरकारी लसीकरणात आली. नऊ महिने पूर्ण झाले की एक टोचणी. पुढे ही लस आपल्याच राज्यात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊ लागली. एका डोसाने मोठा फरक पडला, पण गोवर गेला नाही, आणि का गेला नाही हे समजायला चौथीचं गणित पुरतं.

समजा एका वर्षी शंभर मुलं जन्मली. त्यांपैकी नव्वद जणांना लस मिळाली. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडते, कारण आईकडून आलेलं संरक्षण काहींच्या अंगात अजून शिल्लक असतं. म्हणजे खरोखर सुरक्षित झाली ती ७६-७७. उरली २३-२४. पुढच्या वर्षी आणखी तेवढीच. चार वर्षांत ही शिल्लक शंभराच्या जवळ जाते, म्हणजे एका पूर्ण वर्षाची सगळी मुलं उघडी पडल्यासारखी होते. मग एक पाहुणा पुरतो. म्हणून लस असूनही दर काही वर्षांनी साथ यायची आणि लोक म्हणायचे, लसीचा काय उपयोग?

दुसरा डोस २०१०नंतर आला. तो दीड-दोन वर्षांच्या वयात देतात. पहिला ज्यांना लागू पडला नाही त्यांना तो सांभाळतो. वरच्या गणितात २३-२४ची शिल्लक अकरा-बारावर येते. मात्र हे अकरा-बारा गावभर विखुरलेले नसतात. त्यांतले दहा तर तेच, ज्यांच्यापर्यंत पहिला डोसही गेला नव्हता, आणि ते बहुधा एकमेकांच्या शेजारी राहतात. शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असलं तर गोवर थांबतो, असं म्हणतात. पण सरासरी ९५ असलेल्या गावात एका वस्तीत ६० असू शकतात, आणि गोवर सरासरी वाचत नाही.

रत्नागिरीत ही वस्ती कोणती? मिरकरवाड्याच्या मासेमारी बोटींवर नारळी पौर्णिमेच्या सुमारास नेपाळी खलाशी येतात. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात आणि हंगाम संपला की जातात. चिरेखाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटकातून कामगार येतात, बिऱ्हाड घेऊन. त्यांची बाळं नवव्या महिन्यात एका तालुक्यात असतात आणि सोळाव्या महिन्यात दुसऱ्या राज्यात. आणि आमची मुंबईची नातवंडं. त्यांचं नाव मुंबईच्या यादीत असतं, मूल आजीकडे असतं. मुंबईची सिस्टर म्हणते, गावी गेलंय. गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, म्हणते, मुंबईचं आहे. दोघी खरं बोलत असतात. शिधापत्रिकेच्या पिशवीतलं माता-बाल संरक्षण कार्ड मुंबईच्या कपाटात राहतं आणि मूल दोन याद्यांच्या मधल्या फटीत.

आता एक लहानशी काचेची बाटली जवळून पाहा. गोवर आणि रुबेला या दोन आजारांवरच्या एकत्र लसीची बाटली, तळाशी कोरडी भुकटी, टोपणावर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन. उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो, गोलाएवढा गडद झाला की लस बाद. सिस्टर आधी तो चौकोन पाहते. मग सोबतच्या कुपीतलं पाणी सुईने आत सोडते, बाटली हळू फिरवून भुकटी विरघळवते आणि बाटलीवर वेळ लिहिते. त्या क्षणापासून चार तास. दहा वाजता फोडली तर दोनला ती टाकायचीच, आत कितीही डोस उरले तरी. अर्धा मिलिलीटर, उजव्या दंडाच्या वरच्या भागात, कातडीखाली.

समजा, बाटली दहा डोसांची आहे. कोकणातली वाडी म्हणजे चढावरची बारा-पंधरा घरं आणि त्यांत गोवराच्या लसीच्या वयाची मुलं दोन, कधी एक. एका मुलासाठी दहाची बाटली फोडायची तर नऊ डोस जाणार. नियम सांगतो, एका मुलासाठीही फोडा. पण वाया गेलेले डोस कागदावर दिसतात आणि परत पाठवलेलं मूल दिसत नाही. "पुढच्या महिन्यात या, आणखी दोघं-तिघं होतील," हे वाक्य ज्या आईने ऐकलं, तिची पुढच्या महिन्याची मजुरी बुडेल की नाही, उतरणीवरून एसटी मिळेल की नाही, यावर ते मूल शंभरातल्या कोणत्या बाजूला जाणार ते ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्या सिस्टरने एका मुलासाठी बाटली फोडली तिला वाया गेलेल्या नऊ डोसांचा जाब कुणी विचारू नये. ते नऊ डोस म्हणजे त्या वाडीपर्यंत पोचण्याचं भाडं आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतची राज्यातली तीन कोटींहून जास्त मुलं, शाळाशाळांत रांगा. वर्षानुवर्षांची शिल्लक एका झटक्यात खाली आणण्याचा तो प्रयत्न होता. मग करोना आला आणि नेहमीची लसीकरण सत्रं विस्कटली. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला गोवराने मुलं दगावायला लागली. भिवंडीत आणि मालेगावातही साथ उठली. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. डेपोत गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

*

आता या लेखाचं खरं गाभ्याचं बोलतो. एखाद्या महिन्यात तालुक्याच्या तक्त्यावर गोवरापुढे शून्य लिहिलं असेल तर त्याचे दोन अर्थ होतात. गोवर नव्हता, किंवा कुणी पाहिलं नाही. कागदावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. आमच्या आळीतल्या आठ-नऊ मुलांच्या त्या मे महिन्यातही सरकारी तक्त्यावर शून्यच असणार.

ही दोन शून्यं वेगळी कशी ओळखायची, याची एक रीत गोवराचा माग काढणाऱ्यांनी बसवली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. आता गोवर ओळखला म्हणून कळवायचं नसतं. ताप आणि अंगावर पुरळ, एवढं दिसलं की कळवायचं. मग रक्ताचा नमुना जातो. त्यांतले पुष्कळ नमुने गोवराचे नसतात. कुणाला दुसराच कुठला विषाणू असतो, कुणाला औषधाची पुरळ. असे गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असे ठरलेले रोगी मोजतात. वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे असे किमान दोन सापडले पाहिजेत, हा दंडक आहे. सोळा लाखांच्या रत्नागिरी जिल्ह्याला तो लावला तर वर्षाला ३२ मुलं. तापाची, पुरळीची ३२ मुलं शोधून, त्यांचं रक्त तपासून, गोवर नाही असं लिहून ठेवलं असेल, तरच त्या जिल्ह्याच्या शून्यावर विश्वास ठेवायचा. एप्रिल २०२५मध्ये केंद्राने गोवर-रुबेला निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, २०२६ हे लक्ष्य ठेवून. त्या वेळी सांगितलं गेलं की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत देशातल्या ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रोगी नाही. आनंदाची बातमी आहे. पण त्या प्रत्येक जिल्ह्याला 'नाही' म्हणून सिद्ध झालेली तुमची मुलं किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि शून्य मिळालं म्हणून ते आपलं होत नाही. कॅनडाने १९९८ साली गोवर घालवला होता. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तिथे सुरू झालेली साखळी बारा महिने तुटली नाही आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्या देशाने गोवरमुक्तीचा दर्जा गमावला. आज आखाती देशांत, युरोपात, कॅनडात रत्नागिरीची माणसं आहेत. वस्तीच्या गाडीचा डेपो आता लालबाग-गोवंडीपुरता राहिलेला नाही.

ही ३२ मुलं शोधायचं काम शेवटी पडतं आशाताईवर, आरोग्य सेवकावर आणि आळीतल्या खाजगी दवाखान्यावर. आणि आजीवरही. कडुलिंबाच्या डहाळ्याचा मला राग नाही. तो दारावर लागला की शेजारची मुलं आत येत नसत, एवढा विलगीकरणाचा उपयोग त्याचा होताच. पेजही वाईट नव्हती. अडचण एवढीच की डहाळा लागला की दार बंद होत असे आणि आतलं मूल कुणाच्या वहीत येत नसे. आज आजाऱ्याला दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, वर्षाच्या पुढच्या मुलाला प्रत्येक वेळी दोन लाख युनिट. गोवराने डोळे जाण्याचा आणि जीव जाण्याचा धोका त्याने कमी होतो. तो त्या डहाळ्याच्या आत पोचला पाहिजे. देवीचं सोवळं न मोडता आशाताईला दारात उभं करता येतं, हे पटवायला पुष्कळ बोलावं लागतं आणि त्या बोलतात.

गणपतीच्या दिवसांत आमच्या वाडीत मुंबईच्या गाड्या लागल्या की आशाताई फिरायला निघते. हातात वही, खांद्याला पिशवी. आरती चालू असेल तर ती पडवीत थांबते, प्रसाद घेते, आणि मग कडेवरच्या पोराकडे पाहून विचारते, "वैनी, याचा दुसरा डोस झाला का? कार्ड आणलंय?" वहिनी म्हणतात, कार्ड मुंबईला राहिलं. "मग फोटो मागवा ना त्याचा. मी बसते." ती बसते. वहिनी मुंबईला फोन लावतात, शेजारीण कपाट उघडते, पंधरा मिनिटांनी मोबाइलवर कार्डाचा फोटो येतो. नवव्या महिन्याच्या रकान्यात तारीख आहे. सोळाव्या महिन्याचा रकाना कोरा. आशाताई मुलाचं नाव आपल्या वहीत लिहिते, पुढे आजोबांचं घर लिहिते, आणि सत्राचा वार सांगून पुढच्या अंगणात शिरते.